माझी बाहेरची काच

मी एक जुना पाऱ्याचा दिवा आहे आणि माझ्या पोटात सूर्याचा एक तुकडा आहे. मित्रांनो, हे मी गर्वाने सांगत नाही. ज्या कंपनीने मला बनवलं तिच्या कॅलेंडरवर हे वाक्य छापलेलं होतं. पुढे ती कंपनी बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. कॅलेंडरवरच्या वाक्यांचं सहसा असंच होतं. हे वाक्य मात्र, दुर्दैवाने, खरं निघालं.

आधी माझी रचना सांगतो, कारण पुढे बदलापूरच्या कात्रपला जे घडलं ते त्याशिवाय कळणार नाही. मी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचा. आत बोटाएवढी नळी आणि तिच्यात पाऱ्याचा थेंब. चोक नावाच्या वेटोळ्यातून वीज आली, तरच थेंब तापतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून उजेड पडतो. नळी चांगली तापली तरच उजेड चांगला. थंड नळी नुसती जांभळट धुमसत बसते. म्हणून तिच्यावर दुसरी मोठी काच असते, पेरूच्या आकाराची, आतून पांढरा लेप दिलेली. लोकांना ती शोभेची वाटते. तिला कामं असतात दोन. आतली ऊब आतच ठेवायची, म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळतो. आणि त्या उजेडात जे डोळ्यांना दिसत नाही पण भाजतं, ते बाहेर जाऊ द्यायचं नाही. डोक्यावरून गोधडी घेतली की ऊबही राहते आणि घोरणंही शेजारच्या खोलीत जात नाही, तसं.

माझी उमेदीची वर्षं विठ्ठलवाडीला, डेपोजवळच्या एका खांबावर गेली. माझ्याखाली गयाबाई भाजी घेऊन बसायच्या. माझ्या उजेडाचा एक दोष होता. त्यात लाल रंग मरतो. टोमॅटो असा दिसायचा, की त्याला बघून माणसाने हळहळावं. पण मेथी, पालक, कोथिंबीर मात्र अशी हिरवीगार, की आत्ताच शेतातून उपटली आहे. गयाबाईंनी टोमॅटो ठेवणं बंद केलं, पण जागा बदलली नाही. "ह्या दिव्याखाली कालची मेथी आजची व्हती," असं त्या शेजारणीला सांगायच्या. आयुष्यात माझी एवढी तारीफ पुन्हा कुणी केली नाही.

मग एलईडी आले. मला उतरवलं, इतर जुन्या सामानाबरोबर पोत्यात घातलं आणि पोत्याचा लिलाव झाला. अशा रीतीने मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, कमलेशच्या हाती आलो.

कमलेशचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. माणूस हौशी, हाताने उघडता येईल ती प्रत्येक गोष्ट उघडून बघणारा. ज्या दुकानदाराने मला विकलं तो म्हणाला, "ले जा साईं, पुराना माल है, आजकल ऐसा बनता ही नहीं." ते खरं होतं. का बनत नाही हे त्याने सांगितलं नाही, आणि कमलेशने विचारलं नाही. कमलेश मला हॅलोजन म्हणायचा. मी हॅलोजन नाही. पण मंडपात जे जे फार तापतं, त्याला हॅलोजनच म्हणतात.

कमलेशची पुतणी तेजस्वी हिचं लग्न ठरलं. त्यांची मंडळी आगरी, मूळची कात्रपचीच. शेताच्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत आणि तेजस्वीचे आजोबा, बुधाजी, त्यातल्याच एका इमारतीत राहतात. मित्रांनो, आगरी घरातली हळद तुम्ही पाहिली नसेल, तर एवढंच समजा, की लग्न हा हळदीनंतरचा एक किरकोळ कार्यक्रम असतो. इमारतीच्या मोकळ्या जागेत मंडप उभा राहिला. मधोमध नवरीचा पाट, आणि पाटाच्या बरोबर वर, हात उंच केला तर लागेल एवढ्यावर, मी.

दिवस मावळायच्या आत चाचणी झाली. व्हिडिओवाला सोनू कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "कमलेशभाई, हळद पोपटी दिसतेय. नवरी आजारी वाटेल."

तेवढ्यात माझ्या शेजारी लावलेली झेंडूची माळ उष्णतेने मान टाकून बसली. बुधाजी खुर्चीवरून ओरडले, "कमल्या, तो दिवा हाय का चूल? कापड पेटल वरचा!"

"बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ," कमलेश म्हणाला. "साधं लॉजिक आहे. काचेत गरमी अडकलीय. वरून तो पांढरा रंग, तो अर्धा उजेड खातो. काच काढली की हवा खेळणार, गरमी जाणार, उजेड डबल."

मी हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याच्या बोलण्यात एक शब्दही वेडगळ वाटत नव्हता. नेमकं म्हणूनच.

त्याने मला फडक्यात गुंडाळलं, पकडीने बाहेरची काच फोडली, कडेचे तुकडे नीट वेचून काढले. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून ते कागदात बांधून कचऱ्यात टाकले. एवढी काळजी घेणारा माणूस होता तो. मग त्याने मला पुन्हा पाटाच्या वर टांगलं. बोटाएवढी उघडी नळी.

मी पेटलो. ऊब सगळी वाऱ्यावर जात होती, त्यामुळे उजेड खरं तर कमी झाला होता. हळद आणखी हिरवी दिसू लागली. सोनू म्हणाला, "भाई, आता तर पार पालक झाली." कमलेश म्हणाला, "ते तू एडिटिंगमध्ये पिवळं कर. बघ ना, डोळ्याला कसा टोचतोय! पॉवर आहे पॉवर."

टोचत होता हे खरं होतं.

संध्याकाळी बायका जमल्या, बेंजो लागला, तेजस्वी पाटावर येऊन बसली. बँकेत नोकरी करणारी, हसरी मुलगी. धवले म्हणायला मोतीबाई आल्या. लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी ही बाई, धवलारीण. ती गायला बसल्याशिवाय हळदीचं बोटही कुणी उचलत नाही. मोतीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा, कडेनेही झाकलेला चष्मा, आणि कपाळावर खाली ओढलेला पदर.

"मोतीबाय, हिरोईन झाली काय गो?" एक बाई म्हणाली.

"व्हय. तुजा नवरा बगतंय तेवरा पुरं," मोतीबाई म्हणाल्या आणि गाऊ लागल्या.

हळद चढू लागली. गाल, कपाळ, हात, मान. सोनूने ड्रोन उडवला. "तेजू ताई, वर बघा! वर, वर! पापणी नाही हलवायची! स्माईल!" आणि तेजस्वी वर बघायची. ड्रोन माझ्याही वर, छताच्या कापडाखाली घिरट्या घालत होता. त्याच्याकडे बघताना मधे मी होतो. ती माझ्या पोटातल्या सूर्याच्या तुकड्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होती आणि हसत होती. काही भाजत असल्याचं तिला जाणवत नव्हतं. ही आमच्या जातीची खोड आहे. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सगळं नंतर.

मित्रांनो, दिव्याला ओरडता येत नाही. मला फक्त विझता येतं, आणि तेही माझ्या हातात नाही. तरी माझी एक आशा होती. बदलापूरवर माझा विश्वास होता. आणि बदलापूरने मला दगा दिला नाही. लाईट गेली.

अंधारात मी हिशेब केला. आमच्यासारखा दिवा एकदा तापून विझला की लगेच पेटत नाही. आधी नळी थंड व्हावी लागते. काच असते तेव्हा ऊब आत राहते, आणि पुन्हा पेटायला लोकांचा धीर सुटेल इतका वेळ लागतो. जनरेटर सुरू होईल, बाकीचे दिवे लागतील, मी मेलेला समजून कमलेश मला उतरवील आणि एक साधी ट्यूब लावील. तेजस्वी वाचेल.

जनरेटर सुरू झाला. आणि मी विसरलो होतो, की माझी काच गेली आहे. ऊब धरून ठेवायला काहीच नव्हतं. मी केव्हाच थंड झालो होतो. मी पेटलो.

"बघा!" कमलेशने टाळी वाजवली. "काच होती तेव्हा किती वेळ लावायचा! सायन्स आहे हे, सायन्स!"

लोकांनीही टाळ्या वाजवल्या. बुधाजी म्हणाले, "पोराला डोकं हाय." आणि मग पाटाभोवती नाच सुरू झाला.

पाटावरून उठून तेजस्वी कडेच्या साध्या दिव्याखाली गेली, तेव्हा तिचा चेहरा लालसर दिसला. बायकांनी दृष्ट काढायला बोटं मोडली. "कसं तेज चढलंय बघा नवरीला! घरची हळद ती घरची हळद!"

पहाटेपासून कात्रपमधल्या त्या इमारतीत लोक डोळे धरून बसले होते. पुढचं मी गोदामात कमलेश आणि सोनूच्या बोलण्यातून ऐकलं. तेजस्वीला डोळे उघडता येईनात. "आई, डोळ्यांत वाळू घातलीय कुणी," ती रडत होती, "आणि आज लग्न आहे." पाण्याने धुवावं तर आणखी आग. चेहऱ्यावरून हात फिरवावा तर कातडी चुरचुरते. तिच्याबरोबर नाचलेल्या सगळ्यांची तीच गत. रिक्षा भरभरून माणसं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. पुढचा मागच्याचा हात धरून.

डॉक्टरबाईंनी तेजस्वीच्या डोळ्यांवर बॅटरी धरली आणि विचारलं, "काल वेल्डिंग बघत होता का तुम्ही सगळे?"

"वेल्डिंग कसली डॉक्टर," बुधाजी डोळे मिटूनच म्हणाले. "हळद होती आमची."

"कुठला वेगळा दिवा वगैरे?"

"दिवे मांडवातले. घरचाच मंडप हाय."

कमलेशने सांगितलं असतं. पण कमलेश बाहेरच्या बाकावर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून आडवा पडला होता, आणि बाईंच्या दारात रांग होती. त्यांनी थेंब लिहून दिले, काळे चष्मे घालायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

आता दोष कुणाचा, हा प्रश्न उरला. आणि मित्रांनो, तो इतक्या सरळ विचाराने सुटला, की मला आजही त्यात चूक काढता येत नाही. मांडवात सगळ्यांचे डोळे गेले, एकट्या मोतीबाईंचे ठीक. मोतीबाई विधवा. रीतीप्रमाणे त्यांना हळद लावलेली नव्हती. म्हणजे ज्याला हळद त्याला आग, जिला हळद नाही तिला आग नाही. दोष हळदीचा. मोतीबाईंच्या काळ्या चष्म्याकडे बघायला त्या सकाळी कुणाचे डोळे उघडे नव्हते.

हळद बुधाजींच्या परसातली, पण दळली होती शंकररावांच्या चक्कीत. सगळी मंडळी रुमाल धरून चक्कीवर गेली.

"काय मिसळलंस, बोल!" बुधाजींनी विचारलं.

"बुधाजीशेठ, तुमची हळकुंडं, तुमच्या समोर दळली," शंकरराव म्हणाले. त्यांनी उरलेली चमचाभर हळद सगळ्यांसमोर दुधात घालून पिऊन दाखवली.

"पोटाला चालत असेल," कमलेश म्हणाला. "प्रश्न डोळ्यांचा आहे."

लग्न लागलं. नवरी काळ्या चष्म्यात, मामा काळ्या चष्म्यात, करवल्या काळ्या चष्म्यात. मुलाकडच्यांना वाटलं, इकडची थीम आहे, आणि आपल्याला कुणी कळवलं नाही म्हणून ते थोडे नाराज झाले. अंतरपाट खाली आला तेव्हा तेजस्वीला नवरा दिसला नाही. तिने आवाजाच्या दिशेने हार घातला. पुढे तिचे डोळे बरे झाले. चेहऱ्याची सालं निघाली. शंकररावांच्या चक्कीवर मात्र अजून कात्रपमधलं कुणी दळण टाकत नाही.

मला कुणी काही म्हटलं नाही. उलट माझी कीर्ती झाली. तेजस्वीचा तो वर बघून हसणारा व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला, आणि अंबरनाथहून कमलेशला हळदीची ऑर्डर आली. 'तोच दिवा पाहिजे' अशी अट घालून. त्या घरची नवरी मनाली, अजून कॉलेजात शिकणारी. तिची आई कमलेशला फोनवर म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे हळदीने त्रास झाला म्हणे. आम्ही पाकिटातली आणतोय. सील सगळ्यांसमोर फोडणार."

"बेस्ट," कमलेश म्हणाला. "तेवढी काळजी घेतलीच पाहिजे."

काल अंबरनाथला मंडप उभा राहिला. मला पाटाच्या वर टांगलं. माझ्या बरोबर खाली मनाली येऊन बसली आणि ड्रोन कुठे आहे ते शोधायला तिने मान वर केली.

मित्रांनो, माझं ऐका. ऊब ही शत्रू नसते. ती धरून ठेवली तर ती उजेड होते, मोकळी सोडली तर कुणाला तरी भाजते. घरात, शाळेच्या सभागृहात, कारखान्यात कुठे बाहेरची काच फुटलेला असा दिवा पेटलेला दिसला, तर त्याच्याकडे बघू नका. आधी बटण बंद करा आणि मोठ्या माणसांना हाका मारा. दिवा अजून पेटतो आहे, म्हणजे तो ठीक आहे, असं समजू नका. मला काच परत नको. आता ती बसणारही नाही. मला फक्त एवढंच हवं आहे, की मी पुन्हा कधी पेटू नये.

कमलेशने बटण दाबलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

मी पेटलो नाही. गोदामात कुणीतरी माझ्या बंद डब्यातला चोक काढून नेला होता. त्यात तांबं असतं.