पिठाची हवा, टायरची हवा

काकांची व्हॅन वाळूत रुतली तेव्हा मागे पिठाचे सहा डबे होते आणि सहाही डब्यांतलं पीठ फुगत होतं.

मावशी आणि काकांची बेकरी आहे. त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या ताईने, तलावाकाठी छोटं हॉटेल काढलं होतं आणि आज त्याचा पहिला दिवस होता. तिथे रोजचा पाव कुणाचा, हे मात्र अजून ठरायचं होतं. शहरातल्या एका मोठ्या पाव-कारखान्याचा माणूस आज नमुने घेऊन येणार होता. ताई व्यवहाराला पक्की. तिने वडिलांना सांगून टाकलं होतं की आजच्या जेवणाला तुमचा पाव माझ्या भट्टीतून गरम निघाला तर तुमचा, नाहीतर त्याचा. काका त्यावर नुसतं "बघू" म्हणाले होते. पण सकाळपासून ते तीन वेळा दाढी करायला निघाले आणि तिन्ही वेळा पीठ बघायला गेले, असं मावशीने मला हळूच सांगितलं. दाढी अर्धीच झाली होती.

पीठ मळून न्यायचं आणि तिथे भाजायचं असा बेत होता. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, आणि तेवढ्या वेळात या उन्हात पीठ डब्याबाहेर आलं असतं. म्हणून काकांनी पाणी ओसरलेल्या तलावाच्या काठावरून गाडी सरळ घातली. मला भौतिकशास्त्राची पदवी मिळून महिना झाला होता, त्यामुळे डबे धरून बसायचं जबाबदारीचं काम माझ्याकडे होतं.

वरून वाळू कडक दिसत होती. अर्ध्या वाटेवर मागची चाकं खचली. काकांनी जोरात अॅक्सिलरेटर दाबला, चाकं गरगर फिरली आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. मी म्हटलं, काका, फिरणारं चाक वाळू उपसतंय, थांबा. काकांनी अजून एकदा दाबून खात्री करून घेतली. आता मागचा बंपर जवळजवळ वाळूला टेकला होता.

आम्ही उतरलो. चाकांसमोरची वाळू हातांनी आणि पीठ उचलायच्या डावाने उपसली. मग मला एक कल्पना सुचली आणि तिचा मला जरा अभिमानही वाटला. चाकाखाली काहीतरी सपाट, कडक घालायचं. मावशीने लगेच गाडीतून पाव भाजायचे पत्र्याचे ट्रे काढले. दोन चाकांपुढे दोन ट्रे घट्ट सरकवले, काका गाडीत बसले, मी हात वर केला.

पहिला ट्रे माझ्या गुडघ्याशेजारून गेला. दुसरा गाडीखालून निघून थेट तलावात पोहोचला आणि दोन टप्पे खाऊन बुडाला.

मावशी तलावाकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मी सकाळीच तेल लावून ठेवलं होतं."

बेकरीतला धुतलेला ट्रे तेल लावल्याशिवाय जागेवर जातच नाही, त्यामुळे तिच्या डोक्यात ते आलं नाही. काका रोज तेच ट्रे हाताळतात, त्यांच्याही आलं नाही. आणि घर्षणावर मार्क मिळवलेल्या मुलीने, बोटं तेलकट होत असताना, चाकाखाली तेलकट पत्रा घातला होता. काका एवढंच म्हणाले की शास्त्रज्ञबाई, पुढचा प्रयोग जरा कमी उडणारा असू दे.

तेवढ्यात गाडीत 'टप' असा आवाज झाला. एका डब्याचं झाकण खाली पडलं होतं आणि पीठ वर डोकं काढून बघत होतं.

काकांचा चेहरा उतरला. मावशीने मात्र बाह्या सरसावल्या, पाण्याच्या बाटलीने हात धुतले आणि डब्यात मूठ खुपसली. पिठाने उसासा टाकला आणि ते खाली बसलं. सगळी हवा काढून ती पुढच्या डब्याकडे वळली. मी विचारलं, हे चालतं का? ती म्हणाली, एकदा चालतं, उलट चव वाढते. पुन्हा उतू गेलं की मग यीस्ट दमतं आणि पीठ आंबतं. म्हणजे आता ते दुसऱ्यांदा फुगेपर्यंत आमच्याकडे वेळ होता.

मी उरलेला उपाय सांगितला. टायरमधली हवा कमी करायची. गाडीचं वजन तेवढंच राहतं, पण टायर मऊ झाला की ते जास्त वाळूवर पसरतं, मग चाक रुतत नाही.

काका चमकून म्हणाले, अजिबात नाही. सगळा जन्म मी हवा आत ठेवण्यात घालवला. हवा गेली की वस्तू गेली. वर गाडीत पंप नाही, तो दुकानातल्या पोत्यांमागे आहे. सपाट टायरांनी मुलीच्या दारात जाऊ का? त्या कारखान्याच्या माणसासमोर? ते हट्टाला पेटले की मावशी मूग गिळून बसते, हे मला माहीत होतं. पण आज ती चौथ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होती.

"अहो," ती वर न बघता म्हणाली, "मी इथे काय करतेय?"

काका तिच्या हाताकडे बघत राहिले. मग डब्याकडे, मग टायरकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ते खाली बसले आणि त्यांनी स्वतःच व्हॉल्व्हची टोपी काढली.

हवा मोजायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, टायरचा तळ बाहेर फुगलेला दिसेपर्यंत सोडा, रिंगवरून निसटेल इतकी नको. मी फुगवटा बघत होते आणि काका मध्ये मध्ये टायर अंगठ्याने दाबून बघत होते. त्याचा काही उपयोग नव्हता. चौथ्या टायरनंतर आम्ही दोघं एकदमच म्हणालो, बस.

या वेळी काकांनी पाय हलका ठेवला. स्टिअरिंग सरळ होतं. मावशी आणि मी मागून ढकलत होतो. गाडी किंचित डुलली, कुणीतरी झोपेतून उठावं तशी वर आली आणि निघाली. निघाली ती थांबेना, कारण थांबवायची काकांची हिंमत होत नव्हती. आम्ही दोघी धावत धावत आत चढलो.

वाळू संपली, तरी मऊ टायरांनी जोरात जाता येईना. एक सायकलवाली आम्हाला मागे टाकून गेली. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी सगळ्या झाकणांवर हात ठेवून बसले होते आणि हाताखाली ती पुन्हा हळूहळू वर येत होती.

ताई दारातच उभी होती. कारखान्याचा माणूस आत टेबलाशी नमुने मांडून बसला होता. ताईने पहिला डबा उघडला आणि पिठात बोट दाबलं. खळगा पडला आणि सावकाश, अगदी सावकाश भरून आला. लहानपणी हे तिला काकांनीच शिकवलं होतं. तिने बोट नाकाशी नेलं.

"दोनदा फुगवलंत?" तिने विचारलं. "बेकरीत तर कधी एवढा वेळ देत नाही तुम्ही."

काका अर्ध्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले की आज मुद्दाम वाटेत थांबलो होतो. मावशीला खोकला आला.

ताईने भट्टी पेटवायला सांगितली आणि त्या माणसासाठी चहा मागवला. जाण्याआधी चहा तरी घ्या, असं तिचं बोलणं आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलं. ते ऐकून काका खिशातला रुमाल काढून उगीचच गाडीचा आरसा पुसायला लागले. डबे उचलता उचलता ताईची नजर खाली गेली.

"बाबा, चारही टायर बसलेत की हो."

"हवा काढलीय," काका म्हणाले. "अजून एकदा फुगायचेत."