ओल दाखवायचा दिवस

घराला ओल असावी आणि नवरा रंगारी असावा, यासारखी पीडा नाही. दुसऱ्यांच्या घरातली ओल निदान दिसते तरी. आमची दिसतच नाही, कारण मालक बघायला येणार म्हटलं की आमचा माणूस आदल्या संध्याकाळी पट्टी आणि ब्रश घेऊन बसलाच. पट्टीने पोपडे खरवडायचे, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून पांढराशुभ्र हात मारायचा. दुसऱ्या दिवशी मालक येतो, चष्मा पुसून भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "कुठाय ओल?" आम्ही नवराबायको ठोंब्यासारखे उभे.

पहिल्या खेपेला मी गप्प बसले. दुसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं.

"अहो, डॉक्टरकडे जाताना कोणी जखमेवर पावडर थापून जातं का?"

"परका माणूस घरात येणार," हे म्हणाले. "रंगाऱ्याच्या घरची भिंत अशी बघून काय म्हणेल तो?"

"ओल आहे म्हणेल! तेच तर हवंय आपल्याला!"

गाढवापुढे वाचली गीता. हे ब्रश धुवायला निघून गेले.

खोड वडलांची. माझे सासरेही जन्मभर रंगारीच. या गावातल्या निम्म्या जिन्यांना त्यांचा हात लागलाय, असं ते स्वतःच सांगतात. झटका आला आणि डावं अंग गेलं, तेव्हापासून पुढच्या खोलीत खाटेवर असतात. उजवा हात आणि जीभ, दोन्ही शाबूत. पडल्या पडल्या लेकाला सूचना चालू असतात, "कड ओढ नीट. लांबी वाळू दे की जरा."

आणि ती ओली भिंत नेमकी त्यांच्या खाटेलगतची. वरच्या बंद खोलीतला नळ भिंतीच्या आत कुठेतरी फुटलाय. पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशी लावलेल्या भिंतीआडून पुढच्या खोलीत उतरतं आणि खाटेच्या उंचीला येऊन बसतं. गादीला वास, उशीला वास. मी दिवसभर लॉन्ड्रीत लोकांचे कपडे कडक इस्त्री करून देते आणि घरी येऊन दमट साडी नेसते. माझं सोडा. बाबांची छाती आता शिट्टी वाजवायला लागली आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा मला बाजूला घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, "ही थंडी त्यांनी त्या भिंतीला टेकून काढली, तर पुढच्या थंडीचं मला विचारू नका."

खाट दुसरीकडे सरकवा, असं सगळे सांगतात. सरकवायची कुठे? स्वयंपाकघरात खाट घातली तर चूल बंद. घर बदला म्हणतात. बाबांना घेऊन जिने चढायचे नाहीत, म्हणजे तळमजलाच हवा. आणि तळमजल्याच्या खोल्या मालक लोक दुकानांना देतात. आम्ही बघून बघून चपला झिजवल्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आम्ही ओले.

आमच्या मालकाचं नाव आम्ही 'बघूया' ठेवलंय. नळ सांगितला, बघूया. भिंत सांगितली, बघूया. मी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं तेव्हा कुठे त्याला पाझर फुटला. फोनवर म्हणाला, "हे शेवटचं. ओल डोळ्यांनी दिसली तर दुसऱ्याच दिवशी प्लंबर लावतो. नाही दिसली तर पुन्हा फोन करायचा नाही. आणि काम निघालं तर घर पूर्ण रिकामं पाहिजे. दोन्ही खोल्यांच्या भिंती फोडायच्या आहेत. महिना धरा."

महिना तर महिना. मी वन्संना फोन लावला. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, पण मन मोठं आहे. म्हणाल्या, "आण गं, काही होत नाही. पोरं खुर्चीतून उचलून वर आणतील." आम्ही दोघं ह्यांच्या मित्राकडे पथारी टाकणार होतो. स्वयंपाकघरात उभी राहून मी सगळं मोठ्याने ठरवलं. खाट कुठे, गोळ्या कुणी द्यायच्या, भांडं कुणी द्यायचं. दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा. पण त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं होतं, की आवाज कशाला दाबू?

मालक यायच्या दिवशी मी रजा टाकली. ह्यांना सकाळीच कामावर पिटाळलं. रंगाचे डबे, पट्ट्या, ब्रश, सगळं पोत्यात बांधून त्यांच्याच गाडीवर लादलं.

"एक तरी हात मारू दे," म्हणाले.

"भिंतीला हात लावलात तर जेवण मिळणार नाही."

"अगं, केवढा डाग आहे तो."

"सोन्यासारखा डाग आहे. जा तुम्ही."

खरंच सोन्यासारखा होता. एवढा मोठा, हिरवट, कडेने काळी बुरशी, मधे पोपडे सुटलेले. आंधळ्यालाही दिसला असता. मी त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. बाबांना म्हटलं, "आज बघूयाला बघावंच लागेल." बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, रंगाऱ्याचा अभिमान दुखावला. दुखू दे. अभिमानाने छाती मोकळी होत नाही.

मालकाचा फोन आला, गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून. मी त्याला आणायला नाक्यापर्यंत गेले. त्याने गाडी लावायला वेळ घालवला, मग वाटेत त्याच्या गुडघ्याची सगळी कर्मकहाणी मला ऐकवली. मी हो हो करत होते. ऐकून घ्यायला माझं काय जातंय, आज काम होणार होतं.

दार उघडलं आणि रंगाचा वास आला.

भिंत पांढरी झाली होती. खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पोचेल तिथपर्यंत. घाईत मारलेली, पण कड सरळ. खाटेखाली कधीचा पडलेला एक डबा काठीने ओढून वर घेतलेला होता. ब्रश कुठला, ते देव जाणे. बाबांच्या कोपरापर्यंत रंगाचे ओघळ होते, आणि धाप अशी लागली होती की डोळे बाहेर आले होते. मला तर त्या क्षणी डबा उचलून डोक्यात घालावा असं वाटलं. कुणाच्या, ते विचारू नका.

बघूयाने चष्मा पुसला. "कुठाय ओल?"

"हा ताजा रंग आहे हो! आत्ता, मी तुम्हाला आणायला आले तेवढ्यात लावलाय! हात लावून बघा, भिंत ओली आहे!"

"रंग ओला आहे, बाई. ताजा रंग ओलाच असणार." तो एक पाऊल मागे सरला, शर्टाला लागेल म्हणून. "पण घर छान ठेवलंय. असे भाडेकरू हल्ली मिळत नाहीत."

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात मला दिसलं. बाबांच्या डोक्यामागचा कोपरा राहिला होता. तिथे त्यांचा हात वळत नाही. उशी उभी करून त्यांनी तो झाकला होता, पण कडेला काळं डोकावत होतं. उशी सरकवली की झालं. उद्या प्लंबर.

मालक दारात उभा राहून फोन बघत होता. मी वाकले, उशीला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं. रंगाने हात बरबटलेला, थंडगार, पण पकड पक्की.

"पोरी, नको."

"बाबा, सोडा. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माहीत आहे." एकेक शब्दाला श्वास घेत होते. "मला तिसऱ्या मजल्यावर नेऊ नका. जन्मभर लोकांचे जिने रंगवलेत मी. वर नेलेलं माणूस खाली कसं आणतात, बघितलंय. पोरं खुर्चीतून वर नेतील गं. खाली आणायला मग चौघेच लागतात."

सकाळपासून मी त्याला अभिमान समजत होते. माणूस घाबरला होता. वन्संशी मी पडद्याआडून बोललेलं अक्षर न् अक्षर त्याने ऐकलं होतं. कुठून कुठे न्यायचं, कुणी उचलायचं, सगळं. त्यांना विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

काय करावं माणसानं? उशी सरकवली तर भिंत सुधारते आणि बाबा भीतीनेच जातात. नाही सरकवली तर भिंत त्यांना खाते. डॉक्टरीणबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मनगटावरची पकड काही सुटेना.

"बाई, मला निघायचंय," मालक म्हणाला. "ओल आहे की नाही, एकदा काय ते सांगा."

मी उशी नीट केली. कोपऱ्यावर घट्ट दाबून बसवली.

"नाही," मी म्हटलं. "ओल नाही."

"मग फोन करायचा नाही हं."

"नाही करणार."

तो गेला. मी दार लावलं आणि दाराशीच बसून भडाभडा रडले. बाबांवर चिडून रडले, स्वतःवर चिडून रडले. बाबा खोकत होते. खोकता खोकताच म्हणाले, "मागचा कोपरा राहिलाय. मला पोचत नाही."

"खिडकी उघडते. आधी तुमचा खोकला थांबू दे."

"खोकल्याची वाट बघू नकोस," बाबा म्हणाले. "डब्यातला रंग वाळून जाईल."

मी ब्रश घेतला.