शंटच्या तोंडाला गंध

मी एक जुना शंट आहे. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, एवढंच माझं अंग. पण मित्रांनो, ज्या प्रवाहाने साधा मीटर जळून कोळसा होईल, तो पाचशे अँपिअरचा प्रवाह मी अंगावर घेतो. त्याने माझ्या दोन टोकांत किंचित व्होल्टेज उभा राहतो आणि त्यावरून मीटर प्रवाहाचा आकडा दाखवतो. कोइमतूरच्या या रेक्टिफायरच्या, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

दरवर्षी आयुधपूजेला आम्हा हत्यारांना गंध-कुंकू लागतं. यंदा मालक रंगसामींनी माझ्या दोन्ही तोंडांना, म्हणजे केबल बसतात त्या ठोकळ्यांना, गंध चांगलं थापलं. दुसऱ्या दिवशी कडक वेष्टी नेसून मुहूर्ताचं यंत्रही त्यांनीच जोडलं. जाड केबल त्या गंधावरच आवळल्या. मीटरच्या बारीक तारांसाठी माझ्या आतल्या बाजूला वेगळे छोटे स्क्रू आहेत, पण त्या ताराही त्यांनी मोठ्या बोल्टखाली कोंबल्या.

यंत्र सुरू झालं. मीटरने सहाशे वीस दाखवले. मालकांनी केबलला बाहेरून पकडून मोजणारा नवा चिमटा मीटर लावला, तर पाचशेच!

“म्हातारा चळला! कनकम, काढ त्याला. दुपारी भंगारवाला येतोय.”

बावीस वर्षांची इमानदारी भंगारात! माझा संताप संताप झाला.

यंत्रं तपासणाऱ्या कनकवल्ली अक्काने, म्हणजेच कनकमने, वीज बंद करून मला हात लावला आणि मालकांना म्हणाली, “मुदलाळी, पट्ट्यांपेक्षा याची तोंडं जास्त तापलीत. असं कधी होत नाही.”

“वय झालं की डोकं तापतंच. तुझंही तापतंय!”

“माझं का तापलंय, ते आता दाखवते.” तिने बोल्ट खोलले. आत गंध करपून बसलं होतं. “हे बघा. या गंधाच्या थरात जादा व्होल्टेज उभा राहिला आणि बोल्टखालच्या तारांनी तोही मीटरला दिला. या तारा इथे कुणी बांधल्या?”

मालक वेष्टी सावरू लागले. “मुहूर्त टळत होता गं...”

अक्काने माझी तोंडं घासून लख्ख केली आणि तारा छोट्या स्क्रूंना लावल्या. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर मीटरने बरोबर पाचशे दाखवले. दुपारी भंगारवाल्याला मालकांनी प्रसादाचे चुरमुरे देऊन रिकाम्या पोत्यानिशी परत पाठवलं.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. मला गंधासकट मोजायला लावलं, म्हणून मी गंधासकट मोजलं. मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. माझी तोंडं स्वच्छ ठेवा, तारा जागच्या जागी लावा आणि मग येईल तो आकडा निमूटपणे ऐका. समोर मालक उभा आहे म्हणून मी एका अँपिअरचीही सूट देणार नाही.