बंद इंजिनाचं चालतं चाक

मित्रांनो, मी एक जुनं, जड चाक आहे. जाणकार मला फ्लायव्हील म्हणतात. शिरोलीच्या भट्टीत माझा जन्म झाला आणि १९९२ साली कागलजवळ जोतीरामच्या गुऱ्हाळावर मी डिझेल इंजिनाच्या आसावर येऊन बसलो.

स्वभावानं मी पहिल्यापासून हट्टी. बसलेला असलो की हलता हलत नाही. मला फिरवताना जोतीरामच्या तोंडाला फेस यायचा. पण एकदा फिरू लागलो की थांबायचं नाव नको! इंजिनानं दिलेला जोर मी अंगात साठवायचो आणि चरकात जाडजूड ऊस आला की तोच जोर पट्ट्यावरून चरकाला पुरवायचो.

यातूनच जोतीरामनं युक्ती काढली. शेवटची मोळी उरली की डिझेल वाचवायला तो इंजिन बंद करायचा. मी आपला फिरतोच आहे आणि त्याची बायको बयाबाई उरलेला ऊस चरकात सारते आहे. "लई गुणाचं हाय माझं चाक," असं म्हणत ती खंडेनवमीला इंजिनाआधी मला कुंकू लावायची. खरं सांगतो, मी कौतुकानं फुगून जायचो.

एका संध्याकाळी असंच इंजिन बंद झालं. आवाज थांबला तशी बयाबाई निर्धास्त झाली. गूळ खायला आलेल्या पाहुण्यांशी बोलण्याच्या नादात उसाबरोबर तिचा पदर चरकाच्या लोखंडी रुळांत गेला. पदरामागं हात ओढला जाऊ लागला.

"अवं, थांबवा की त्येला!"

"बंदच हाय की गं!" जोतीराम ओरडला.

इंजिन बंद होतं, मित्रांनो. मी बंद नव्हतो. थांबावंसं मला जीव तोडून वाटत होतं. पण अंगात वेग असेपर्यंत थांबणं चाकाच्या हाती नसतं. शेवटी जोतीरामनं दांडा घालून पट्टा उडवला. चरक जागीच थांबला, मी एकटाच गरगरत राहिलो. बांगड्या फुटल्या, पदर फाटला, पण हात वाचला.

जोतीराम मला शिव्या घालू लागला, तेव्हा तीच म्हणाली, "त्येचा काय दोस? थांबाय येळ आपुनच दिला न्हाय."

आता तिथं विजेची मोटर आली आहे. मी शेडबाहेर मातीत अर्धा रुतून गंजतो आहे. मित्रांनो, यंत्राचा आवाज संपला म्हणजे जोर संपला असं समजू नका. ते पुरतं थांबल्याशिवाय हात घालू नका. बयाबाई अजून रोज दुपारी भाकरी घेऊन येते आणि माझ्या अंगाला पाठ टेकून निवांत जेवते. तेव्हा मी तसूभरही हलत नाही.