डोंगरापलीकडचा भाऊ

सरकारचं सैन्य डोंगर ओलांडून आमच्या खोऱ्यात शिरलं, तेव्हा नोव्हेंबर लागला होता. पेनसिल्व्हेनियाच्या या पश्चिम टोकाला धड रस्ता नव्हता. धान्य पूर्वेला न्यायचं म्हणजे घोड्यांचे हाल, म्हणून सगळे त्याची व्हिस्की गाळत. त्या व्हिस्कीवर फिलाडेल्फियातल्या आमच्याच नव्या सरकारनं कर बसवला आणि खोरं पेटलं. माझा नवरा ईनॉक उन्हाळ्यात एका सभेत उठून म्हणाला, "इंग्लंडच्या राजाशी लढलो ते यासाठी?" एवढंच. हात त्यानं कुणावर उचलला नाही.

पहाटे शिपाई आले आणि त्याला अंथरुणातून उठवून अनवाणीच घेऊन गेले. मला रडू आलं नाही. चूल विझत आली होती, तिच्यात लाकूड सारलं. मग त्याचे बूट उचलले आणि निघाले.

कैद्यांना गावाबाहेरच्या कोठारात डांबलं होतं. दाराशी बंदूक घेऊन माझा धाकटा भाऊ जेबेझ उभा होता. आम्ही न्यू जर्सी सोडून इकडे आलो, त्यानंतर त्याला पाहिलंच नव्हतं.

"ताई? तू इथे कशी?"

"मी इथेच राहते. तू कसा ते सांग."

"बंडखोर धरायला आणलंय आम्हाला."

"धरलेत की. आत तुझे दाजी आहेत."

त्याचा चेहरा उतरला. "दाजी? त्यांनी काय केलं?"

"मला काय विचारतोस? बंदूक तुझ्याकडे आहे."

"ताई, देश एक राहायचा तर कुणीतरी..."

"आधी बूट दे त्यांना. देशाचं मग बघू."

इकडेतिकडे बघत तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. "घातले."

"जेवलास का?" मी विचारलं. ते तोंडातून आपोआपच निघालं.

कैद्यांना बर्फातून फिलाडेल्फियापर्यंत चालवत नेलं. तिथे टोपीत 'बंडखोर' लिहिलेला कागद खोचून रस्त्यांवरून मिरवलं. हे ईनॉकनं नंतर एकदाच सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

जेबेझची तुकडी हिवाळाभर खोऱ्यातच राहिली. तो रविवारी यायचा, लाकडं फोडायचा, छप्पर शाकारायचा. मी त्याला वाढायचे. आधी शिपाई मला बंडखोराची बायको म्हणत. आता चर्चच्या दारात बायका शिपायाची बहीण म्हणू लागल्या. दोन्ही वेळा वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

साक्षीदार मिळाला नाही म्हणून वसंतात ईनॉकला सोडलं. तो चालत घरी आला तेव्हा जेबेझ टेबलाशी बसलेला. ताडकन उठला.

"बस. जेव," ईनॉक म्हणाला.

"दाजी, त्या दिवशी मी..."

"वाटाणे वाढ गं," ईनॉक मला म्हणाला.

जेवण झालं. मग ताटली सारून ईनॉकनं सांगितलं, आपण केंटकीला जायचं.

"आणि शेत?" मी विचारलं.

"हा आहे ना. याचं सरकार आहे इथे, यालाच सुखानं राहू दे." आवाजात टोमणा नव्हता. जेबेझ ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. मी उठून टेबल आवरलं.

जूनमध्ये ओहायो नदीवरून निघालो. तराफ्याचा दोर सोडायला जेबेझच आला होता.

"येशील ना गं कधीतरी, ताई?"

मी मान डोलावली. पाण्यानं ओढून नेलं तसे गेलो. काठावर तो किती वेळ उभा होता, मी पाहिलं नाही.

केंटकीत जमीन मिळाली, पुढे मुलंही झाली. शेजारी कुणी व्हर्जिनियाचा, कुणी कॅरोलायनाचा, जो तो आपल्याच प्रांताचे गोडवे गाणारा. एकदा लोणी घुसळताना शेजारीण म्हणाली, "तुमचं माणूस आहे का गं मागे कुणी?"

"भाऊ आहे," मी म्हटलं. पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि रवी तशीच हातात धरून बसले. तिनं माझ्या हातातली रवी काढून घेतली आणि स्वतः घुसळायला लागली.