भेसळीच्या यादीतली मेंढी

"मावशी, चेहरा असा का झालाय तुमचा?" रुचिताने खुर्ची वळवून विचारलं.

कुमुदताई खानोलकरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. नोएडातल्या या नव्या काचेच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रसहायक होत्या. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि तक्रार म्हणाल तर एकही नाही. नोएडाला मेट्रो अजून यायची होती. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून चार्टर्ड बस पकडायची, सुया काढायच्या आणि उतरेपर्यंत चार बोटं बाही वाढवायची. बसमधल्या निम्म्या बायका हेच करत. कुमुदताईंचा स्वेटर ज्याच्या अंगावर नाही असा माणूस त्यांच्या मजल्यावर शोधावाच लागे.

रुचिता तिथे पीएचडी करत होती. दिल्लीतच वाढलेली, घरात मराठी नि बाहेर हिंदी. आजारी माणसांच्या रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे ती यंत्रात घाली. यंत्र त्यांची वजनं करून आलेख काढी आणि कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा, हे एक प्रोग्राम सांगे. परदेशातल्या संशोधकांनी तो साऱ्या जगासाठी खुला ठेवला होता. पैसे नकोत, शिवाय आतलं सगळं वाचायला, बदलायला मोकळं. सात रोग्यांच्या आलेखांत मात्र अशी शिखरं निघाली, की प्रोग्रामलाही ओळखता येईनात. निरोगी माणसांत ती नव्हती. म्हणजे नवं प्रथिन. सोमवारी लेख पाठवायचा होता आणि पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

"निरोगी सॅम्पल आपण कधी चालवली?" कुमुदताईंनी उलट विचारलं.

"ऑक्टोबरमध्ये. का?"

"आणि आजारी?"

"आत्ता, जानेवारीत. अच्छा, मग?"

बोललं तर पोरीचा आनंद मातीत, आणि गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं.

"प्रोग्रामकडे भेसळीची यादी असते, सॅम्पलमध्ये चुकून काय पडू शकतं त्याची. तीत माणसाचे केस आहेत, कातडी आहे. मेंढी नाही. तू जेवायला गेलीस तेव्हा मी त्यात लोकरीचं प्रथिन घालून पाहिलं. सातही आलेखांतली शिखरं जुळली गं."

रुचिताने मनगटांकडे पाहिलं. पांढऱ्या कोटाच्या बाहीतून जांभळी लोकर डोकावत होती.

"हा तर तुम्ही दिलेला."

"हो. बाह्या लांब मीच विणल्या."

रुचिताने कोट उतरवला. स्वेटर बाहेर ठेवून आली आणि फ्रीझरमधल्या रक्तातून सातही सॅम्पल तिने नव्याने करायला घेतली. कुमुदताईंनीही आपला स्वेटर उतरवला. दोन दिवस दोघी नुसत्या सुती कपड्यांत कुडकुडत काम करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आलेख आले. ती शिखरं कुठेच नव्हती.

रुचिता उठून बाहेर गेली. आता ही आपल्याशी पूर्वीसारखी बोलायची नाही, असं कुमुदताई धरून चालल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. खरं सांगितल्याचं मात्र वाटलं नाही.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"प्रोग्रामवाल्यांना मेल लिहितेय, यादीत मेंढी घाला म्हणून. दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको. कोणी शोधलं, त्याचं नाव द्यावं लागतं."

"तुझंच घाल."

"बिल्कुल नाही. पूर्ण नाव सांगा, मावशी."

सव्वीस वर्षांत कितीतरी लेखांवर साहेबांची नि विद्यार्थ्यांची नावं गेली होती. कुमुदताईंना कुणी नाव विचारलं नव्हतं. त्या खुर्चीत सावरून बसल्या.

"कुमुद श्रीरंग खानोलकर," त्या म्हणाल्या, आणि पोरीची बोटं गारठलेली होती म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.