अख्खा कंट्रोलर

माझा थोरला भाऊ आर्लेन याचे स्नायू एकेक करून निकामी होत चालले होते. जीभ जायच्या आधी त्याने सहा आठवडे बसून सोळाशे वाक्यं वाचली, मी ती रेकॉर्ड केली. त्यावरून एक कंपनी त्याचा आवाज बनवणार होती. तो नजरेने अक्षरं निवडणार आणि मशीन त्याच्याच आवाजात बोलणार.

नजर टिपणारा कॅमेरा फक्त विंडोजवर चाले. अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरात वीस वर्षं सर्व्हर सांभाळलेला मी, मला विंडोजचं वावडं. आर्लेनच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ठेवलं आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक लटका कॉम्प्युटर, करून विंडोज तिच्यात कोंबलं.

"दुकानातून एक लॅपटॉप आण ना, गॉर्डी," आर्लेनची बायको कोरिन म्हणाली. "त्याला बोलायचंय रे, तुझी हुशारी नाही बघायची."

"तू तुझी ओव्हनमधली हॉटडिश बघ. हे मी बघतो."

कॅमेरा सारखा विंडोजपासून सुटायचा. जीभ आता गेली होती, आणि नजरेने लिहिलेला आर्लेनचा शब्द अर्ध्यात तुटायचा. शेवटी शनिवारी दुपारी ठरवलं, एकटा कॅमेरा उसना देणं पुरे. तो ज्या USB कंट्रोलरवर, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर आहे, तो अख्खाच व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकू.

कंट्रोलर दिला की त्याच्यावरचे सगळे पोर्ट जातात, हे मी नव्या लोकांना घसा फोडून सांगायचो. कॉम्प्युटरचे पुढचे दोन पोर्ट तपासले. मागचे दुसऱ्या कंट्रोलरवर असणार, असं धरून चाललो. मागे बाहेरची डिस्क लावलेली होती आणि त्याच वेळी सोळाशे वाक्यं तिच्यावर जात होती. कॉपी नाही, कट. विंडोजला जागा हवी होती. कंपनीला सोमवारी पाठवणार होतो.

बटण दाबलं. कंट्रोलरबरोबर डिस्कही मध्येच तुटली. नंतर उघडली तर आत नुसती फायलींची नावं, आवाज शून्य. कॉम्प्युटरवरच्या मूळ फायली पुसल्या गेल्या होत्या, आणि त्या मोकळ्या जागेत तोवर विंडोजने पाय पसरले होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. पण बैल माझा नव्हता.

कॅमेरा मात्र झकास चालला.

मी आर्लेनला सगळं सांगितलं. कोरिन उठून आत गेली. त्याची नजर पडद्यावर हळूहळू फिरली, आणि मशीनमधला तयार आवाजाचा परका बाप्या बोलला, "परत वाचू का?"

आर्लेन जन्माचा टोमणेबाज. पण हा टोमणा होता की तो खरंच विचारत होता, ते त्या परक्या आवाजावरून मला कळलं नाही.